कानाचं मशीन खणात पडू नये म्हणून

आमच्या टीव्हीखालच्या खणात एक कानाचं मशीन अकरा महिने पडून होतं. माझंच. दुकानातून घेतलं, तिथेच कानात घातलं, रिक्षात बसले आणि हॉर्नने डोकं उठलं. घरी आले तर बेसिनमध्ये स्टीलची ताटली पडल्याचा आवाज कानात टाचणीसारखा घुसला. चार दिवसांत मशीन डबीत आणि डबी खणात. मग जो भेटेल त्याला सांगत सुटले, ‘मला नाही बाई ते मानवत.’

आज सहा वर्षं झाली, माझ्या दोन्ही कानांत मशीन आहे. खणात गेलेलं ते पहिलं मशीनही वाईट नव्हतं, हे मला आता कळतं. त्याची खरेदी झाली होती, फिटिंग, म्हणजे माझ्या कानाला ते जुळवून घेणं, झालंच नव्हतं. दुकानदाराने लॅपटॉपला जोडून दोन बटणं दाबली, ‘येतंय ना ऐकू?’ विचारलं, मी ‘हो’ म्हटलं आणि बिल झालं. जे आता पहिल्यांदा मशीन घेणार आहेत त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहिते आहे.

आधी कानाचा डॉक्टर

थेट मशीनच्या दुकानात जाऊ नका. पहिली चिठ्ठी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची. मळ घट्ट बसला असेल तर निम्मं बहिरेपण तिथेच निघून जातं. पडद्याला भोक असेल, कान वाहत असेल किंवा कानातलं सर्वांत आतलं छोटं हाड घट्ट झालं असेल, तर औषध किंवा ऑपरेशनचा विचार आधी होतो. वाहत्या कानात मशीनचा साचा, म्हणजे कानाच्या मापाने बनवलेला तुकडा, कोंबला तर हवा लागत नाही आणि कान आणखी चिघळतो.

एक गोष्ट मात्र ठळक लक्षात ठेवा. रात्री झोपताना ठीक होतं आणि सकाळी उठल्यावर एक कान बंद झाला, असं झालं तर ‘बघू दोन-चार दिवस’ म्हणू नका. अचानक आलेल्या नसेच्या बहिरेपणावर औषध लवकर सुरू झालं तरच आशा असते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ऐकू कमी येण्याबरोबर चक्कर, कानदुखी किंवा एकाच कानात सतत आवाज असेल तरीही मशीनचा विषय नंतर.

तपासणीचा कागद स्वतः वाचा

ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारा तज्ज्ञ, तुम्हाला बाहेरचा आवाज येणार नाही अशा छोट्या खोलीत बसवून हेडफोन लावतो. बारीक ‘टूं’ ऐकू आलं की बटण दाबायचं. इथे हुशारी करू नका. आला असेल असं वाटून दाबलेलं बटण पुढे तुमच्याच कानावर उलटतं. आदल्या दिवशी ढोल-ताशाच्या मिरवणुकीत उभे राहून तपासणीला जाऊ नका, कान तात्पुरते बधिर झालेले असतात.

हातात आलेल्या आलेखावर उजवा कान लाल गोलांनी आणि डावा कान निळ्या फुल्यांनी दाखवलेला असतो. डावीकडे जाड, खालच्या पट्टीतले आवाज, म्हणजे २५० हर्ट्‌झपासून. उजवीकडे ८००० पर्यंत बारीक, वरच्या पट्टीतले. रेष जितकी खाली, तितकं कमी ऐकू येतं. मोठ्या माणसांत २५ डेसिबलपर्यंत साधारण ठीक धरतात. २६ ते ४० सौम्य, ४१ ते ५५ मध्यम, ५६ ते ७० मध्यम ते तीव्र, ७१ ते ९० तीव्र आणि त्यापुढे अतितीव्र, अशी वर्गवारी आपल्याकडच्या बऱ्याच रिपोर्टांवर दिसते.

वयोमानाने कान गेलेल्या बहुतेकांची रेष डावीकडे बरी असते आणि उजवीकडे घसरगुंडीसारखी उतरते. हे समजलं की घरातलं अर्धं भांडण मिटतं. आपल्या बोलण्यात स्वर जाड पट्टीत असतात, ते ऐकू येतात. स, श, त, थ, च, ख ही व्यंजनं बारीक आणि हलकी, ती गळून जातात. म्हणून ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही’. मी वर्गात पाढे घेताना ‘सात’ आणि ‘साठ’ यांत गोंधळायचे, ‘पाच’ आणि ‘पास’ यांत तर रोज. मुलांना वाटायचं बाई मुद्दाम पुन्हा म्हणायला लावतात.

टूं-टूंच्या तपासणीबरोबर शब्दांची तपासणीही झालीच पाहिजे: तुम्हाला पुरेल इतक्या मोठ्या आवाजात मराठी शब्द ऐकवून किती बरोबर म्हणता ते मोजतात. हा आकडा विचारून घ्या. शंभरापैकी नव्वद असेल तर मशीनकडून पुष्कळ अपेक्षा ठेवा. चाळीसच असेल तर मशीन आवाज आणून देईल, पण कळण्याला ओठांकडे बघण्याची जोड लागेल. हे आधी कळलेलं बरं, पैसे भरल्यावर नको. कानाच्या आतला दाब मोजणारी एक तपासणीही बहुधा करतात, ती मिनिटाभराची असते.

मशीन निवडताना

दुकानात तुम्हाला चॅनेल विकतात, म्हणजे मशीन आवाजाचे जेवढे वेगळे पट्टे करून सांभाळतं ते. आठ चॅनेल, सोळा चॅनेल, वीस चॅनेल, आणि प्रत्येक पायरीला किंमत चढत जाते. घरात दोन माणसं, संध्याकाळी देवळात जाणं आणि फोन, एवढंच आयुष्य असेल तर मधल्या पायरीच्या वर जाण्याची गरज मला तरी दिसत नाही. उरलेले पैसे दुसऱ्या कानासाठी ठेवा. दोन्ही कान कमजोर असतील तर दोन साधी मशीनं एका महागड्या मशीनपेक्षा बरी: आवाज कुठून आला ते कळतं, गोंगाटात शब्द सुटे होतात आणि दुसरा कान बिनवापराचा पडून राहत नाही.

आकाराबद्दल थोडं. कानामागे बसणारं आणि नळीने साच्याला जोडलेलं मशीन सर्वांत दणकट. जास्त बहिरेपणाला तेच लागतं. कानामागेच छोटं यंत्र, पातळ वायर आणि कानात इवलासा स्पीकर असलेलं, ज्याला दुकानात आरआयसी म्हणतात, ते घसरगुंडीच्या रेषेसाठी छान. कानाच्या आत लपणारं सीआयसी दिसत नाही म्हणून सगळ्यांना हवं असतं, पण त्याची बॅटरी बारीक, मळ त्यात लवकर जातो आणि थरथरत्या बोटांना ते धरवत नाही. बायका केसांनी झाकतात, पुरुष टोपीने. तरी लपवण्यापायी गैरसोय विकत घेऊ नका. तसंही तुम्ही चार वेळा ‘काय?’ विचारता तेव्हा सगळ्यांना कळलेलंच असतं.

चार्जिंगचं की सेलचं? शहरात चार्जिंगचं सोयीचं, रात्री डबीत ठेवलं की झालं. जिथे पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज जाते तिथे मी सेलवालंच घ्या म्हणेन.

एका कानाचं बरं डिजिटल मशीन साधारण दहा-पंधरा हजारांपासून सुरू होतं आणि लाखाच्या वरही जातं. पैसे देण्याआधी चार गोष्टी विचारा आणि उत्तरं बिलावर लिहून घ्या. घरी नेऊन वापरून बघायला किती दिवस मिळतील? पुढच्या फिटिंगच्या खेपा या किमतीत आहेत का? वॉरंटी किती वर्षं, आणि मशीनवरचा सीरियल नंबर कार्डावर लिहिलाय का? उद्या मी दुसऱ्या गावी राहायला गेले तर तिथला ऑडिओलॉजिस्ट हे मशीन प्रोग्रॅम करू शकेल का? शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही. काही मशीनं विकणाऱ्याच्या साखळीपुरती कुलूपबंद असतात, आणि मग दुसऱ्या कुणाला हात लावता येत नाही.

फिटिंग करणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हेही विचारायला लाजू नका. ऑनलाइन दीड-दोन हजारांत मिळणारं मशीन म्हणजे सगळेच आवाज सरसकट मोठे करणारा भोंगा. तुमच्या रेषेशी त्याचा काही संबंध नसतो आणि उरलेल्या कानालाही इजा होऊ शकते.

घाईने कर्ज काढण्यापूर्वी सरकारी आणि शिकवणाऱ्या संस्थांकडे एक चक्कर मारा. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ साली सुरू झालेली. तपासणी, साचा, फिटिंग सगळं तिथे होतं. नायर रुग्णालयात ऑडिओलॉजीचं शिक्षण देणारा विभाग आहे, पुण्यात भारती विद्यापीठात आहे. रांग असते, पण विद्यार्थी मन लावून तपासतात. दिव्यांगांसाठीच्या २०१६ च्या कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत ६० डेसिबल किंवा त्याहून जास्त दोष असेल तर दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात जाता येतं. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त आले तर दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत अर्ज करता येतो, त्यात उत्पन्नाची अट आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या आणि वर्षाला दोन लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना एकदा ३,००० रुपये खात्यात मिळतात. त्यात बरं मशीन येत नाही, हे स्पष्ट सांगते. साचा आणि सेलचा खर्च मात्र निघतो.

साचा

कानामागचं मशीन घेतलं तर कानाचं माप घेतात. आधी दोरा बांधलेला स्पंजचा गोळा पडद्याच्या अलीकडे बसवतात आणि मग पिचकारीने मऊ लगदा कानात भरतात. गार लागतं, दुखत नाही. पाच-एक मिनिटांत तो घट्ट होतो. त्यावरून साचा बनून यायला काही दिवस लागतात. तो घालून जेवून बघा, जांभई देऊन बघा. एकाच जागी टोचून लाल होत असेल तर ‘सवय होईल’ हे उत्तर घेऊ नका. साचा घासून मिळतो किंवा नवा करून मिळतो. सवय आवाजाची होते. जखमेची करून घ्यायची नसते.

फिटिंगचा दिवस

घरातलं रोज बोलणारं माणूस बरोबर न्या. माझ्या पहिल्या वेळी मी एकटी गेले होते, तीच चूक. दुसऱ्या वेळी हे बरोबर आले, आणि ऑडिओलॉजिस्टबाईंनी ह्यांनाच पाठ फिरवून पेपर वाचायला लावला. रोजचा आवाज तोच होता, तर तपासणी त्याच्यावरच नको का व्हायला?

मशीन लॅपटॉपला जोडलं की सॉफ्टवेअर तुमच्या आलेखावरून एक अंदाजी मांडणी करतं. बऱ्याच ठिकाणी काम इथेच संपवतात. प्रत्येकाच्या कानाची पोकळी वेगळी असते, त्यामुळे त्याच मांडणीतून माझ्या पडद्यापाशी पोचणारा आवाज आणि तुमच्या पडद्यापाशी पोचणारा आवाज सारखा नसतो. तो मोजायला एक तपासणी आहे: केसासारखी बारीक रबरी नळी मशीनच्या शेजारून कानात सरकवतात, समोरच्या स्पीकरमधून बोलणं लावतात आणि पडद्याजवळ खरोखर किती आवाज पोचतोय ते लॅपटॉपवरच्या रेषेशी ताडून बघतात. तिला ‘रिअल इअर’ म्हणतात. फोनवर वेळ घेतानाच ‘तुमच्याकडे रिअल इअर करतात का?’ एवढं विचारा. नसेल तर निदान मशीन घालून पुन्हा टूं-टूंची आणि शब्दांची तपासणी करून घ्या, म्हणजे मशीनशिवाय किती आणि मशीनसह किती हे आकड्यांत दिसतं.

निघण्यापूर्वी मशीन स्वतःच्या हाताने तीन वेळा घालून आणि काढून दाखवा. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्याची. दुसऱ्या हाताने कानाची पाळी जरा वर आणि मागे ओढली की साचा आत सरकतो. घरी सराव करताना पलंगावर बसून मांडीवर टॉवेल पसरा. माझं एकदा फरशीवर पडून कपाटाखाली गेलं आणि अर्धा तास शोधत बसले.

पहिले दोन महिने

आता खरं काम. चष्म्यासारखं घातलं की झालं, असं हे नसतं. दहा वर्षं मेंदूने पंख्याची घरघर, फ्रिजचं गुरगुरणं, चपलांची फरफर ऐकलेली नसते. एकदम सगळं परत आलं की तो गांगरतो, कुठला आवाज टाकून द्यायचा हे त्याला आठवत नाही. पहिल्या आठवड्यात मला पेपरचं पान उलटल्याचा आवाज पत्रा फाटल्यासारखा यायचा. स्वतःच्या बांगड्यांनी मी दचकत होते. तिसऱ्या आठवड्यात बांगड्या ऐकू येईनाशा झाल्या, म्हणजे येत होत्या, पण लक्ष जात नव्हतं.

मी केलं ते असं. पहिले चार दिवस फक्त घरात, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन. सकाळी पेपरमधला एक अग्रलेख मोठ्याने वाचायचा. स्वतःचा आवाज आधी रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो. रोज पंधरा मिनिटं वाचलं की कानाला तो ओळखीचा होतो. दुपारी एका खोलीत एकाच माणसाशी गप्पा. दुसऱ्या आठवड्यात वेळ दुपटीवर नेली, टीव्हीवर बातम्या लावल्या. मालिका नको, मागचं संगीत सगळं बोलणं खातं. टीव्हीचा आवाज मात्र घरच्यांनी ठेवायचा, रिमोट आपल्या हातात घ्यायचा नाही. तिसऱ्या आठवड्यापासून उठल्यावर घालायचं आणि झोपताना काढायचं. मंडई, एसटी स्टँड आणि लग्नाचं कार्यालय हे सगळ्यात शेवटी. पहिल्याच रविवारी मशीन घालून पुतण्याच्या हळदीला गेलात तर सोमवारी ते खणात जाणार.

‘लागेल तेव्हाच घालते’ हा प्रकार चालत नाही. आठवड्यातून एकदा कीर्तनापुरतं घातलेलं मशीन दर वेळी नवीनच वाटतं. आणि ऑडिओलॉजिस्टला खोटंही सांगता येत नाही: रोज सरासरी किती तास घातलं याची नोंद बहुतेक नव्या मशीनमध्ये राहते, लॅपटॉपला जोडलं की ती समोर येते. माझी पहिली नोंद दिवसाला दीड तास निघाली होती. मी ‘दिवसभर घालते’ म्हणाले होते.

उशाशी एक छोटी वही ठेवा. तिच्यात ‘बरं वाटत नाही’ असं लिहू नका, त्यावर कुणाला काही करता येत नाही. असं लिहा: भांडं आपटलं की टोचतं. नातीचं बोलणं कळतं, जावयाचं नाही. माझाच आवाज घुमतो. जेवताना मशीनची शिट्टी वाजते. यातल्या प्रत्येक वाक्यावर लॅपटॉपवर वेगळी दुरुस्ती असते. टोचत असेल तर मोठ्या आवाजाची कमाल मर्यादा खाली आणतात. स्वतःचा आवाज घुमत असेल तर साच्याचं हवेचं भोक मोठं करतात, नाहीतर आरआयसीच्या टोकाची रबरी टोपी उघड्या प्रकारची देतात. शब्द पुसट असतील तर बारीक पट्टी थोडी वर चढवतात. शिट्टीचं बहुतेक वेळा कारण दोनांपैकी एक: साचा नीट बसलेला नाही, नाहीतर कानात मळ आहे. डोक्यावर पदर घेतला, शाल कानावरून लपेटली किंवा कुणाच्या गळ्यात पडलात तरी क्षणभर शिट्टी वाजते, ती मनावर घेऊ नका.

दोन आठवड्यांनी एक खेप, महिन्याने दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी, एवढ्या तर हव्यातच. सुरुवातीला आवाज मुद्दाम थोडा कमी ठेवतात आणि खेपेखेपेला वर नेतात. तुम्ही गेलाच नाहीत तर मशीन कायम त्या कमी आवाजावर राहतं, आणि मग ‘एवढे पैसे घातले पण फरक नाही’ हे ठरलेलं.

फोन, पाऊस, तेल

कानामागच्या मशीनचा माइक कानाच्या वर असतो. साधा फोन कानाच्या भोकाशी धरला तर काहीच ऐकू येत नाही. तो थोडा वर, मशीनपाशी धरा. मोबाइल ब्लूटूथने जोडता येणारं मशीन असेल तर बोलणं दोन्ही कानांत थेट येतं, आणि हा फरक मोठा आहे. मुलाला एकदा जोडून द्यायला सांगा.

सेलचे रंग पाठ करा, दुकानात तेवढंच सांगितलं तरी पुरतं: १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. हे सेल हवेवर चालतात. स्टिकर काढला की मिनिटभर तसाच उघडा ठेवा आणि मग आत घाला. एकदा स्टिकर निघाला की वापरा न वापरा, सेल उतरतच जातो. म्हणून उद्यासाठी आजच काढून ठेवू नका. रात्री सेलचं दार उघडं ठेवा. घरात लहान मूल असेल तर वापरलेले सेलही उंचावर. मुलाने गिळला तर घरगुती उपाय न करता ताबडतोब हॉस्पिटल.

आपल्याकडे मशीनचा खरा शत्रू दमट हवा. जून ते सप्टेंबर, आणि कोकणात तर बाराही महिने, रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की दाणे बदला. नळीत पाण्याचे थेंब दिसले तर साचा सोडवून रबरी फुग्याने हवा मारा, तोंडाने फुंकू नका, तोंडातली वाफ आतच जाते. साचा सोडवून कोमट साबणाच्या पाण्यात धुता येतो. मशीन कधीच नाही, ते कोरड्या फडक्याने पुसायचं. आंघोळीआधी काढा. डोक्याला तेल लावायचं असेल तर तेल आधी, हात धुवून मशीन नंतर. पावडर, अत्तर, गुलाल यांचंही तेच. नळी काही महिन्यांनी पिवळी आणि कडक होते, ती स्वस्तात बदलून मिळते.

घरच्यांसाठी चार ओळी

हा भाग त्यांना वाचायला द्या. मशीन आलं म्हणून स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत हाक मारू नका. आधी नाव घ्या, समोर या, तोंडावर उजेड असू द्या. ओरडू नका, कमजोर कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा लगेच असह्य होतो, मधली जागाच अरुंद झालेली असते. एक वाक्य दोनदा कळलं नाही तर तिसऱ्यांदा तेच न म्हणता शब्द बदला. ‘साडेसातची गाडी आहे’ कळत नसेल तर ‘सकाळची गाडी, आठच्या आधीची’ म्हणा. आणि ‘जाऊ दे, काही नाही’ असं म्हणून बोलणं सोडून देऊ नका. माझं मशीन पहिल्यांदा खणात गेलं त्याला हॉर्न आणि ताटलीइतकंच ते ‘काही नाही’सुद्धा कारण होतं.

वर्षातून एकदा मळ काढून पुन्हा आलेख काढा आणि मशीन नव्या रेषेला जुळवून घ्या. जाताना वही बरोबर असू द्या.